किल्ली कोणाकडे?

बाणेर, बालेवाडी, कल्याणीनगर किंवा मगरपट्ट्यातल्या एखाद्या मोठ्या सोसायटीत जर्मन, कोरियन किंवा जपानी कुटुंब भाड्याने राहताना दिसलं, तर त्या फ्लॅटचा मालक कुठे आहे हे विचारून पाहावं. पुष्कळदा उत्तर येतं: न्यू जर्सीत, म्युनिकमध्ये, सिंगापूरला. पुण्यात वाढलेला मुलगा परदेशी जातो, चार पैसे साठले की गावात एक फ्लॅट घेतो, दिवाळीच्या सुट्टीत येऊन वास्तुशांत करतो आणि परत जातो. मग चाकणच्या कारखान्यात दोन-तीन वर्षांसाठी आलेला अभियंता त्याच फ्लॅटमध्ये बिऱ्हाड मांडतो. मालक तिकडे परका, भाडेकरू इकडे परका. एका घराचे दोन परदेशस्थ.

घर मात्र या दोघांपैकी कुणीच चालवत नाही. चालवते मालकाची मावशी, नाहीतर बँकेतून निवृत्त झालेले काका. सोसायटीतला वॉचमन चालवतो, ट्रॉल्या दुरुस्त करणारा सुतार चालवतो, रोज सकाळी येणाऱ्या कामवाल्या ताई चालवतात. परदेशात किंवा परदेशातून घर लावणं, राखणं, दुरुस्त करणं याबद्दल आपण बोलतो तेव्हा पडदे, कुलपं आणि कर्जाचे हप्ते यांची चर्चा होते. या तिसऱ्या माणसाची होत नाही. त्याचं काम कागदावर कुठेच नसतं, आणि तो नसेल तर एका पावसाळ्यात घराची काय अवस्था होते ते पुण्यात कुणालाही ठाऊक आहे.

पुण्यात परदेशी माणसाने घर करण्याची गोष्ट आयटी पार्कच्या फार आधीची. चार्ल्स मॅलेट हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील १७८६ साली सवाई माधवराव पेशव्यांच्या दरबारी आला. शहरापासून थोडं दूर, मुळा-मुठेच्या संगमावर त्याची रेसिडेन्सी उभी राहिली. बंगले, बागा, नोकरचाकर, कारकून, डॉक्टर असं ते अख्खं आवारच होतं. लाकूड, विटा, चुना आणि हात इथलेच असणार. विलायतेहून फार तर काही सामान आलं असेल. मॅलेटच्या ओळखीने १७९०च्या दशकात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला. त्याने सवाई माधवरावांचं आणि नाना फडणविसांचं चित्र काढलं आणि शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळाही सुरू झाली. तिथे शिकलेल्या गंगाराम तांबट या पुणेकर चित्रकाराने मॅलेट आणि वेल्स यांच्यासाठी केलेली रेखाटनं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. वेरूळची लेणी त्यांत आहेत, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही आहे. परक्या माणसाच्या घराभोवती एवढं सगळं जमलं होतं.

ते घर टिकलं ३० वर्षांच्या आसपास. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशवे आणि इंग्रज यांच्यात खडकीची लढाई झाली. त्या वेळचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्याच दिवशी संगमावरून निघून नदीपलीकडे खडकीच्या छावणीकडे गेला आणि पाठोपाठ रेसिडेन्सी लुटली, जाळली गेली. त्याचा ग्रंथसंग्रह आणि कागदपत्रं त्यात गेली. एल्फिन्स्टन पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, पुण्याची सत्ता त्याच्याच हातून बदलली. तो गरीब बिचारा भाडेकरू नव्हता. पण इथे नोंदवण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: त्या आवारात शिपाई होते, पहारा होता, कंपनीचं बळ होतं, आणि आसपासच्या शहराशी संबंध बिघडल्यावर त्यातलं काही एक घर वाचवू शकलं नाही.

पुढच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत साहेबाने आपलं घर शहरापासून आणखी लांब नेलं. लष्कर वेगळं, खडकी वेगळी, गणेशखिंडीत गव्हर्नरचा पावसाळी बंगला वेगळा. बार्टल फ्रिअरच्या काळात १८६४ साली सुरू झालेल्या त्या इमारतीत १९४९ साली स्थापन झालेलं पुणे विद्यापीठ भरतं. स्वातंत्र्यानंतर आलेले परदेशी लोक निराळे होते. १९६०च्या सुमाराला पिंपरी, चिंचवड, दापोडीच्या बाजूला स्वीडिश आणि जर्मन कंपन्या आल्या आणि त्यांचे अभियंते सहकुटुंब राहू लागले. फर्ग्युसनसारख्या महाविद्यालयांत मॉरिशस, आफ्रिका, इराणहून मुलं आली. फर्ग्युसनच्या वसतिगृहात मॉरिशसचा एक विद्यार्थी कावीळ होऊन पडला होता आणि एक मुलगी त्याला खिडकीतून जेवण देत होती, हे डॉ. शां. ब. मुजुमदारांनी पाहिलं. त्यातून परदेशी विद्यार्थ्यांसाठी काही करायचं त्यांच्या मनात आलं आणि १९७१ साली सिंबायोसिस उभी राहिली. एवढ्या मोठ्या संस्थेच्या मुळाशी एक खोली, एक आजारी मुलगा आणि खिडकीशी उभं राहून जेवण देणारं माणूस आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मग कोरेगाव पार्क. संस्थानिक आणि धनिकांसाठी आखलेल्या त्या वडाच्या गल्ल्यांत १९७४ साली रजनीशांचा आश्रम आला आणि काही वर्षांत हजारो परदेशी माणसं आसपासच्या खोल्यांत, गच्चीवरच्या शेडमध्ये, नदीकाठच्या बांबूच्या झोपड्यांत राहू लागली. मुंढव्याच्या आणि कोरेगावच्या कित्येक घरांना भाड्याचं उत्पन्न म्हणजे काय हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. इंग्रजीचे चार शब्द, पाश्चात्त्य पद्धतीचा संडास, खिडक्यांना जाळ्या, गरम पाण्याची सोय: त्या भागातल्या घरांची दुरुस्ती परदेशी भाडेकरूच्या मागणीने होत गेली.

१३ फेब्रुवारी २०१० रोजी याच भागातल्या जर्मन बेकरीत बॉम्बस्फोट झाला. १७ माणसं गेली. त्यानंतर पुण्यात परक्या माणसाला खोली देण्याची रीत बदलली. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देण्यात जी चालढकल चाले ती कमी झाली, सोसायट्यांच्या कमिट्या कागद मागू लागल्या. हा बदल गरजेचा होता. आठवणीतल्या त्या संध्याकाळनंतर कुणी त्याला नको म्हणेल असं वाटत नाही.

आज एखाद्या परदेशी कुटुंबाला पुण्यात घर भाड्याने घ्यायचं तर कागदांची वाट ठरलेली आहे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. करार नोंदवला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे अगदीच किरकोळ. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो आणि अर्ध्या तासात काम उरकतो. पण ही सोय आधारवर चालते. नुकत्याच आलेल्या जर्मन अभियंत्याकडे पासपोर्ट असतो, आधार नसतं. त्याला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रांगेत उभं राहावं लागतं. त्यात मालक म्युनिकमध्ये. मग मावशींच्या नावाचं कुलमुखत्यारपत्र लागतं. ते तिकडे भारतीय वकिलातीत साक्षांकित करायचं, इकडे पाठवायचं, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. ही तीन महिन्यांची मुदत अनेकांना माहीत नसते आणि पाकीट कपाटात पडून राहतं.

पुढे परदेशी माणूस घरात आल्यापासून २४ तासांत मालकाने त्याची माहिती ऑनलाइन कळवायची. सगळे त्याला सी-फॉर्म म्हणतात. २०२५च्या सप्टेंबरपासून जुन्या १९४६च्या परकीय नागरिक कायद्याच्या जागी नवा कायदा आला, तरी घर देणाऱ्याची ही जबाबदारी कायम आहे. सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने बहुतेक प्रकारांत १४ दिवसांत स्वतःची नोंदणी करायची. यात अपमान वाटून घेण्याचं कारण नाही. जर्मनीत गेलेल्या आपल्या मुलांनाही घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचा दाखला लागतो. जपानमध्येही मुदत १४ दिवसांचीच.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो करात. मालक अनिवासी असेल तर भाडं देताना त्यातून ३० टक्के आणि वर उपकर, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत ३१.२ टक्के कर कापून सरकारजमा करायचा, आणि हे काम भाडेकरूचं. त्यासाठी त्याच्याकडे करकपातीचा टॅन क्रमांक हवा. कंपनीच्या नावावर भाडेकरार असेल तर कंपनी ते बघते. स्वतःच्या नावावर घर भाड्याने घेतलेल्या माणसाला ही गोष्ट नोटीस आल्यावर कळते. घर विकत घ्यावं तर भारतीय वंशाच्या नसलेल्या अनिवासी परदेशी माणसाला तेही करता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचं भाडं हीच त्याची मर्यादा.

कागद झाले की घर लावायचं. पुण्यात सेमी-फर्निश्ड म्हणजे काय यावर एकमत आहे: ओट्याखाली ट्रॉल्या, चिमणी, बेडरूममध्ये वॉर्डरोब, पंखे, दिवे, गीझर. जर्मन माणसाला यातल्या ट्रॉल्या पाहूनच आनंद होतो, कारण त्याच्या देशात भाड्याचं घर पुष्कळदा स्वयंपाकघराशिवाय मिळतं. सिंक नाही, कपाटं नाहीत, छतातून नुसत्या वायरी लोंबतात. आपला मुलगा तिकडे पहिल्यांदा घर बघायला जातो तेव्हा हेच पाहून हबकतो. अमेरिकेत उलट, फ्रिज, ओव्हन, कधी भांडी धुण्याचं यंत्रही घरासोबत येतं, पण पहिली फोडणी घातली की छतावरचा धुराचा भोंगा वाजतो. तिकडे राहायला गेलेल्या सासूला सुनेने आधी सांगून ठेवलेलं असतं: मोहरी टाकण्यापूर्वी खिडकी उघडा.

इकडे आलेल्या पाहुण्याला ओटा ठेंगणा वाटतो. साडेसहा फुटी माणूस त्यावर भाजी चिरायला लागला की दुसऱ्या दिवशी पाठ धरते. काही घरमालक ओट्यावर जाड लाकडी पाट ठेवायला परवानगी देतात, आणि तेवढ्याने काम भागतं. ड्राय बाल्कनी मात्र सगळ्यांना आवडते. कपडे, भांडी, बादल्या, झाडू यांना घराच्या मागे एक स्वतंत्र जागा असावी ही कल्पना पुण्याच्या फ्लॅटरचनेतली फार शहाणी गोष्ट आहे. जपानी कुटुंबाला दारात चप्पल काढण्याची पद्धत घरच्यासारखी वाटते. चपलांचं कपाट आपण दाराबाहेर ठेवतो, ते आत ठेवतात, एवढाच फरक.

विजेचं प्रकरण सांभाळून. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. जर्मनीतही तेच, त्यामुळे तिकडचा मिक्सर पिन बदलून चालतो. जपानमध्ये १०० व्होल्ट असतात. तिकडचा भात शिजवण्याचा कुकर इथे सरळ पंधरा अँपियरच्या सॉकेटमध्ये लावला तर पहिल्याच भाताला जळतो. अमेरिकेत १२० व्होल्ट. तिकडून हौसेने आणलेली यंत्रं नातेवाइकांच्या माळ्यावर का पडून आहेत त्याचं हे कारण. कोरियात २२० व्होल्ट आहेत, पण ६० हर्ट्झ, म्हणजे तापणारी वस्तू चालते आणि मोटरवाली नीट चालत नाही.

बाकी सामानासाठी पुणं हे उत्तम शहर आहे, फक्त कुठे जायचं ते सांगणारं माणूस हवं. बिजागऱ्या, कड्या, कोयंडे, हँडल यांसाठी बोहरी आळी. प्लायवूड आणि लाकडासाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. भांडी आणि स्वयंपाकाच्या बारीकसारीक वस्तू तुळशीबागेत. तांब्याच्या घागरी, बंब आणि दिवे कसब्यातल्या तांबट आळीत, ठोक्यांचा आवाज ऐकत निवडावेत. जुनं शिसवी कपाट किंवा पितळी कुलूप हवं असेल तर बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार. मॉलमधून एका दिवसात सगळं घर भरता येतं हे खरं, पण त्या घरात नंतर काही मोडलं तर कुणाला बोलवायचं हे कळत नाही. बोहरी आळीतला दुकानदार बिजागरी विकतो आणि ती बसवणाऱ्या सुताराचा नंबरही देतो.

सुतार आज बहुतेक राजस्थान किंवा उत्तर प्रदेशातून आलेला असतो, म्हणजे पुण्यात तोही स्वतःचं घर सोडूनच आलेला. त्याच्याशी बोलताना प्लायचा दर्जा आधी ठरवावा. आयएसआयच्या ३०३ क्रमांकाचा साधा प्लाय बेडरूमच्या कपाटाला ठीक. सिंकखालच्या आणि बाथरूमजवळच्या कामाला ७१०चा, ज्याला मरीन म्हणतात तो लागतो. परदेशातून फोनवर कोटेशन मंजूर करणारा मालक एकूण रक्कम बघतो आणि हा आकडा विचारत नाही. दोन पावसाळ्यांनी सिंकखालचा प्लाय फुगतो, सनमायका उचकटते आणि दोष सुताराच्या माथी येतो. पैसे कमी दिले होते हे कुणाला आठवत नाही.

भिंत पाडून हॉल मोठा करायचा असेल तर इमारत कशी बांधली आहे ते पाहावं. जुन्या इमारतीत विटांची भिंत काढता येते, कॉलम-बीमला हात लावता येत नाही. गेल्या काही वर्षांतले अनेक टॉवर मायवान पद्धतीचे आहेत; त्यांत जवळपास प्रत्येक भिंत काँक्रीटची आणि भार घेणारी असते. तिथे झरी मारून नवी वायर टाकणंसुद्धा धोक्याचं. सोसायटीची लेखी परवानगी, कामाच्या वेळा, राडारोडा कुठे टाकणार हे सगळं मावशींच्या सहीने होतं, आणि दुपारी ड्रिल चालू राहिलं की शेजारच्या आजोबांचं बोलणंही मावशीच ऐकतात.

खरी परीक्षा बंद घराची. मालक घर भाड्याने देत नाही, सुट्टीत येऊन राहू म्हणतो, आणि दोन वर्षं येणं जमत नाही. नहाणी ट्रॅपमधलं पाणी आटतं. गटाराचा वास आणि झुरळं अडवणारं तेवढंच पाणी होतं. ते गेलं की दोन्ही वर येतात. पश्चिमेच्या सरकत्या खिडक्यांच्या पट्टीत जूनच्या वाऱ्याने पाणी साचतं आणि आत झिरपतं. वरच्या मजल्याच्या बाथरूमची गळती आठ दिवसांत कळली तर सांधा भरून भागतं, आठ महिन्यांनी कळली तर फॉल्स सिलिंग, वायरिंग आणि पुट्टी सगळं काढावं लागतं. वाळवी शांतपणे कपाटाच्या मागून चढते. इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी संपतं. यातल्या एकाही गोष्टीला कॅमेरा उपयोगी नाही. मोबाइलवर घर दिसतं, वास येत नाही.

महापालिकेचा हिशेबही लक्षात ठेवावा. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे. २०२३ साली ती कायम ठेवताना स्वतः राहत असल्याचा पुरावा आणि पीटी-३ अर्ज मागितला गेला. घर भाड्याने दिलेलं असेल तर ती सवलत मिळत नाही. शिवाय भाडेकरू ठेवल्यावर सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. त्याला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे, पालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. मालक दूर आहे म्हणून त्याहून जास्त घेणाऱ्या कमिट्या आहेत. त्यांना नियम दाखवावा, भांडू नये. घराची किल्ली त्यांच्याच आवारात राहणार असते.

किल्लीवरून सुरक्षेकडे येऊ. बाहेरच्या दाराला जाळीचं सेफ्टी डोअर, आतल्या दाराला नाइट लॅच, गेटवर कोण आलं ते कळवणारं मोबाइलचं ॲप, जिन्यात कॅमेरे. हे सगळं असावं. पण गेटवरचा माणूस बारा-बारा तास उभा असतो, त्याची एजन्सी दर वर्षी बदलते, आणि ज्याला सोसायटीतली घरं आणि चेहरे पाठ झाले तो नेमका काढला जातो. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५चा केंद्रीय कायदा आहे, परवाना आणि प्रशिक्षण त्यात सांगितलं आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेत मात्र एजन्सी निवडताना सर्वांत कमी रकमेच्या कोटेशनवर हात वर होतात. हजारो मैलांवरच्या मालकाने ईमेलवरून मतं मांडायची असतील तर या एका ठरावावर जरूर मांडावीत.

घरकामाच्या ताईंचंही तेच. पुण्यात मोलकरणींचा संप आणि संघटना १९८० सालची आहे, राज्याचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८चा. परदेशी कुटुंबं बहुधा बरा पगार देतात, सुट्टी देतात, टेबलावर बसून चहा घ्यायला सांगतात. दोन-तीन वर्षांनी ती निघून जातात आणि ताईंचं काम एका दिवसात बंद होतं. घर पुन्हा भाड्याने जाईपर्यंत आठवड्यातून एकदा येऊन नहाणीत पाणी ओतायला, खिडक्या उघडायला, नळ सोडून बघायला त्यांनाच अर्धा पगार द्यावा, हे करणारे मालक मी पाहिले आहेत. त्यांची घरं टिकलेली दिसतात.

मावशींचा प्रश्न अधिक नाजूक. पैशाचं बोललं तर त्यांना लागतं, न बोललं तर मनात राहतं. एजंटाला एका सहीसाठी सर्रास महिन्याभराचं भाडं ब्रोकरेज म्हणून मिळतं. मावशी तीन वर्षं निबंधक कार्यालयात जातात, प्लंबरसाठी दुपार घालवतात, जर्मन भाडेकरूच्या बायकोला कोथिंबीर कुठे ताजी मिळते ते सांगतात, तिच्या मुलाला ताप आला तर डॉक्टरकडे सोबत जातात. बदल्यात विमानतळावरून आलेली चॉकलेटं आणि एक पर्स. हे बदललं पाहिजे, आणि ते बदलणं मालकाच्या हातात आहे, मावशींच्या नाही.

जर्मनीत घर देता-घेताना एक लेखी ताबापत्र करतात: मीटरचं रीडिंग, किल्ल्या किती, कुठल्या भिंतीवर कसला डाग. आपल्या करारालाही पंखे, ट्यूबा आणि गीझर मोजणारी यादी जोडलेली असते. त्याच पानावर आणखी चार ओळी लिहाव्यात. घराची दुसरी किल्ली कोणाकडे, त्या व्यक्तीने महिन्यात काय काय पाहायचं, त्याबद्दल तिला किती रक्कम मिळणार, आणि किती रुपयांपर्यंतची दुरुस्ती तिने कुणाला न विचारता करून घ्यायची. खाली तिघांच्याही सह्या. श्रावणात पुण्यात सकाळी साडेअकराला नळ तुटला तर न्यू जर्सीत रात्रीचे दोन वाजलेले असतात, भाडेकरू चाकणला असतो, आणि दारात उभा असलेला प्लंबर आधी पैसे कोण देणार ते विचारतो.